चार नंबर

ग्रामपंचायतीत माझं टेबल खिडकीपाशी.
त्यावर घरटॅक्सच्या पावत्या, शाईचा पॅड
आणि एक पडदा, नऊ चौकोनांचा.
पाच चौकोन काळे. चारांत गाव.

एक नंबर बसथांबा. दोन नंबर आमचं ऑफिस.
तीन, पाण्याची टाकी.
चार, नाल्याकडची पांदण, हिवराचं झाड,
जिथून बाया वावरात जातात
आणि अंधार पडल्यावर कुठं जातात ते गावाला माहीत आहे.

वर्गणी काढून बसवले. नारळ फुटला.
पहिल्याच महिन्यात डोमाजी डाखोरेची बकरी
तीन नंबरवर सापडली, चोरासकट.
त्या दिवशी मीही पेढा खाल्ला,
खोटं कशाला बोलू.

डबा खाताना मात्र मी भिंतीकडे तोंड करून बसते.
दोन नंबरला फक्त माझा अंबाडा दिसतो.

तेरा तारखेला उपसरपंच आले.
खुर्ची ओढली नाही, उभ्यानंच म्हणाले,
"कालची संध्याकाळ काढ वं. चार नंबर.
आमची पोट्टी कोणासंग होती ते पाह्यचं हाये."
आवाज शांत. मोटारसायकलची किल्ली तेवढी
बोटाभोवती फिरत होती, थांबत नव्हती.

ती संध्याकाळ मी पाहिली होती.
सहा बावन्न ते सात वाजून सहा.
काय पाहिलं ते त्यांना सांगितलं नाही,
इथंही लिहीत नाही.
तुम्हीही विचारू नका.

"पासवर्ड बदलला वाटते, भाऊ," मी म्हणाले.
"चालू दिसते, पण मागचं उघडत नाही.
वर्ध्याहून माणूस येईन तवा होईन."
रोज आले. रोज वर्ध्याचा माणूस उद्या येणार होता.
डब्बा पंधरा दिवसांनी जुनं पुसतो,
नव्याला जागा करतो.
यंत्राला विसरता येतं.
गावाला कोणी ते सेटिंग करून दिलं नाही.

मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक टिंबं देत होते
आणि तेवीसच्या रात्री
गिरजाबाईच्या विहिरीवरची मोटर गेली.

सकाळी आली. चपला दाराबाहेर काढल्या,
ऑफिसात कोणी काढत नाही तरी.
"माय, तुह्या त्या डब्ब्यात दिसन काय?
पांदणीनंच गेले असन, दुसरा रस्ता हाये कुठी?"
दिसलं असतं.
उपसरपंच दारात उभे. किल्ली फिरत होती.
"कुलूप पडलं हाये, मावशी."
बरं म्हणाली. चपला घातल्या.
एप्रिल होता. तिची वांगी फुलावर होती.

झोप उडाली असं म्हणणार नाही. झोपले.
फक्त नळ टपकला की उठून बंद करत होते,
बंदच असलेला.

अठ्ठावीसला सगळ्यांसमोर पासवर्ड टाकला.
तो कधी बदललाच नव्हता.
यादी तेरा तारखेपासून सुरू होत होती.
उपसरपंचांनी आधी पडदा पाहिला, मग मला,
चार नंबर पाहतो तसं,
पापणी न हलवता.

मग गिरजाबाईची रात्र काढली.
दोन चाळीस. गाडीचा उजेड, पांढरा फक्क,
नंबर त्यात बुडालेला. दोन माणसं, तोंडं नाहीत.
पोत्यात गुंडाळलेली मोटर तिनं तरी ओळखली,
पडद्याला बोट लावून म्हणाली, "हेच."
हवालदार म्हणाला, चार दिवस आधी कळलं असतं
तर भंगारवाल्याकडं सापडली असती.
हे तो तिला म्हणाला. मी ऐकलं.

परवा ती पोट्टी रहिवासी दाखला न्यायला आली.
शिक्का वाळायची वाट पाहत उभी राहिली,
वर दोन नंबरकडे नाही, टेबलाच्या कडेकडे बघत.
"ताई, ते खरंच पुसल्या जाते?"

"डब्ब्यातून जाते," मी म्हणाले.